पाच नंबरचा पॉइंट

१

पक्षी मोजायचं काम लोकांना लई मजेचं वाटतं. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, फोटो टाकला की शंभर लाइक. खरं काम असं असतं: ठरलेल्या जागी जायचं, दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, म्हणजे आपल्या येण्यानं बावरलेली पाखरं पुन्हा ठिकाणावर येतात. मग घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटं जे दिसेल, जे ऐकू येईल ते लिहायचं. पक्षी कोणता, किती, किती मीटरवर. अकराव्या मिनिटाला मोर नाचत आला तरी तो तक्त्यात येत नाही. अशा ठरलेल्या जागेला आम्ही पॉइंट म्हणतो.

मी हर्षाली, लोहाऱ्याची. उमरग्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात एमेस्सी करते, दुसरं वर्ष. माझी जोडीदार शिवप्रिया, उमरग्याचीच. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. आमचा प्रकल्प हिप्पळवाडीच्या साठवण तलावावरच्या पक्ष्यांचा. तलावाभोवती पाच पॉइंट आहेत. नियम असा की दोघींनीच जायचं. एक निरीक्षक, ती बघून सांगणार, आणि दुसरी नोंद घेणारी, ती लिहिणार. दोघींची नावं तक्त्याच्या डोक्यावर. आमचे मार्गदर्शक रणधीर सर उमरग्यातून उंटावरून शेळ्या हाकतात.

चार पॉइंट भरावाच्या कडेनं आहेत, चपला घालून जाता येतं. पाचवा सांडव्याच्या पलीकडं, वेड्या बाभळींतून दीड किलोमीटर आत. गेल्या हिवाळ्यात शिवप्रियाला कावीळ झाली आणि ती सहा आठवडे अंथरुणाला खिळली. मी चार पॉइंट एकटीनं केले. पाच नंबरला मी एकदाही गेले नाही. घरी बाजेवर बसून, चहा पीत, सहा आठवड्यांचे सहा तक्ते भरून टाकले. नोंद घेणारी म्हणून शिवप्रियाचं नाव घातलं, तिची सहीसुद्धा मीच केली. तिचे गुण जाऊ नयेत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. मला खोटेपणाची सवय नाही, आळसाची आहे.

खोटा तक्ता भरायलाही अक्कल लागते. मी साधेच पक्षी घातले: टिटवी, चंडोल, धोबी, खाटीक. तक्त्यात 'व्यत्यय' म्हणून एक रकाना असतो. माणूस, कुत्रं, जनावर, जे पाखरांना बुजवतं ते त्यात येतं. तो रकाना सहाही वेळा कोरा राहिला तर संशय येणार. म्हणून लिहिलं: 'बाई, १, सरपण गोळा करताना, १२० मीटर.' पुढच्या आठवड्यात तीच बाई, ९० मीटर. मग ७०. आकडे कमी का करत गेले ते मला आज आठवत नाही. दरवेळी वेगळा आकडा हवा होता आणि हात आपोआप खाली जात गेला.

२

"पाच नंबरचा डेटा लई स्वच्छ आलाय तुमचा," रणधीर सर यंदा डिसेंबरात म्हणाले. "त्याच तारखांना, त्याच वेळेला पुन्हा घ्या. तुलना करू. पेपर होईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी मान हलवली. शिवप्रिया मात्र खूश झाली, कारण तिला वाटायचं की गेल्या वर्षी तिच्या वाट्याचं सगळं काम मीच ओढलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. तलावावर बलभीमकाका असतात, मासेवाल्या ठेकेदाराचे राखणदार, भरावावरच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. त्यांनी वाट दाखवली आणि म्हणाले, "तिकडं काय पाहाया जाता? तिकडं कोन फिरकत न्हाय." बाभळीच्या काट्यांनी ओढणी फाटली, पायाला चार ठिकाणी ओरखडे आले. साडेआठला पाच नंबरवर पोचलो. एक सपाट दगड, समोर उघडं माळरान, मागं पाणी.

मी सांगत होते, शिवप्रिया लिहीत होती. टिटवी दोन. चंडोल तीन. खाटीक एक. तिसऱ्या नावाला माझी जीभ अडखळली, कारण पुढचं नाव मला आधीच माहीत होतं. धोबी एक. धोबी आलाच, शेपटी हलवत. मी स्वतःला समजावलं की ही साधी पाखरं आहेत, कुठल्याही माळावर हीच दिसतात, म्हणून तर मी ती लिहिली होती.

"नीलपंख, एक," शिवप्रिया म्हणाली. "तारेवर."

गेल्या वर्षी गंमत म्हणून मी एक नीलपंख घातला होता. 'तारेवर बसलेला' असंही लिहिलं होतं, आणि नंतर नकाशावर पाहिलं तर तिथं खांबच नव्हता. सरांच्या ते लक्षात आलं नाही म्हणून सुटले होते. आता बाभळींच्या शेंड्यावरून एक नवी कोरी तार गेली होती आणि निळा पक्षी तिच्यावर बसून आमच्याकडं बघत होता. परतताना बलभीमकाकांना विचारलं. "परवाच वढली की," ते म्हणाले. "मोटारीसाठी."

हे सगळं नंतर. त्याआधी, दहा मिनिटं संपायला थोडा वेळ असताना, शिवप्रियानं कॉलेजची अंतर मोजायची दुर्बीण डोळ्याला लावली.

"अगं, तिथं एक बाई आहे. वाकलीय. सरपण गोळा करतेय." तिनं बटण दाबलं. "एकशे वीस."

३

दुसऱ्या आठवड्यात नव्वद.

मी शिवप्रियाच्या हातातून दुर्बीण घेतली आणि स्वतः मोजलं, दोनदा. नव्वद. बाई पाठमोरी होती, कमरेतून वाकलेली, काखेत छोटी मोळी. ती काटकी उचलत होती, पण मोळी वाढत नव्हती. दहा मिनिटांत तिनं मान वर केली नाही. आपण माणसाकडं एकटक बघितलं तर त्याला कळतं, ते एकदा तरी वळून बघतं. ही वळली नाही.

बाई आहे, सरपण नेते, गरिबाला गॅस परवडत नाही, असं मनाला बजावत मी परत आले. अंतराचं काय, माळावर फिरणारं माणूस कुठं ना कुठं असणारच, नव्वदवर असलं तर बिघडलं कुठं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तिसऱ्या आठवड्यात सत्तर. पाखरंही मी लिहिली होती तशीच, त्याच संख्येत.

त्या दिवशी परतताना बलभीमकाका खोलीबाहेर जाळं सोडवत बसले होते. शिवप्रिया पुढं गाडीकडं गेली होती, मी मागून एकटी येत होते. त्यांनी माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, "तिसरी मागं ऱ्हायली का?"

"कोण तिसरी?"

"तुमी तिघी परत जाता न्हवं? येताना दोघी, जाताना तिघी. मला वाटलं, हितलीच कोन तरी वाट दावाया ठेवलीय."

मी मागं वळून बघितलं. भराव सरळ, मोकळा, उन्हात पडलेला. मला ते दृश्य बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "काका, आम्ही दोघीच आहोत," मी म्हणाले.

"व्हय का," ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याला लागले. "म्हाताऱ्याचं डोळं. जावा."

४

घरी येऊन मी गेल्या वर्षीची फाईल काढली. तीन आठवडे मी ती मुद्दामच उघडली नव्हती. झेरॉक्सच्या प्रती होत्या, मूळ तक्ते विभागात जमा.

चौथा तक्ता: बाई, १, ४० मीटर. पाचवा: बाई, १, १५ मीटर. दोन्हीवर निरीक्षक हर्षाली, नोंद घेणारी शिवप्रिया, माझ्याच अक्षरात.

सहावा तक्ता मी विसरले होते. तो लिहीत असताना आईनं जेवायला हाक मारली होती आणि मी तो कसाबसा उरकला होता. पक्ष्यांची यादी करायचाही कंटाळा आला, म्हणून आडवं 'निरंक' लिहून मोकळी झाले. निरीक्षक: हर्षाली. नोंद घेणारी: ही जागा कोरी. घाईत शिवप्रियाचं नाव घालायचं राहून गेलं होतं. आणि व्यत्ययाच्या रकान्यात, सारखी एकच बाई नको म्हणून, मी लिहिलं होतं: 'बाया, २, १० मीटर.'

मी ते दोन-तीनदा वाचलं. मग उठून दाराला कडी घातली, दुपारचे दोन वाजले होते तरी. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तक्त्यात चूक दुरुस्त करायचा सरांचा एक नियम आहे. खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, वर नवं लिहायचं, बाजूला सही करायची. जुनं वाचता आलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी विभागात गेले, शिपायाला काहीतरी सांगून मूळ फाईल काढली आणि सहाव्या तक्त्यावर दोनवर रेघ मारून एक केला. कोऱ्या जागी शिवप्रियाचं नाव लिहिलं. दोन्हीकडं सही केली. रेघेखालचा दोन स्पष्ट दिसत होता. मी रेघ पुन्हा गिरवली, तरी तो दिसतच राहिला.

५

चौथ्या आठवड्यात चाळीस मीटर. त्या दिवशी शिवप्रियाच बघत होती, तीच लिहीत होती. तिथून मी थेट सरांकडं गेले. ठरवलं होतं, काय व्हायचं ते होऊ दे, प्रकल्प रद्द झाला तरी चालेल, पण सहावी फेरी होऊ द्यायची नाही.

"सर, गेल्या वर्षीचे पाच नंबरचे तक्ते खोटे आहेत. मी तिथं गेलेच नव्हते. घरी बसून भरले."

सरांनी चष्मा काढला. मग दोन्ही वर्षांचे तक्ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले. टिटवीखाली टिटवी, चंडोलाखाली चंडोल. ते एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले आणि मला वाटलं, सुटले.

"हर्षाली," ते म्हणाले, "खोटे असते तर यंदाचे जुळले कसे?"

मी व्यत्ययाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"थकली आहेस तू. अभ्यास, फेऱ्या, सगळं एकदम." ते हसले, चांगल्या मनानं हसले. "उलट मला भीती आहे की एवढं जुळतं बघून परीक्षक म्हणतील, पोरींनी बनवलंय. दोनच फेऱ्या राहिल्यात. उरका."

"शिवप्रियाला तरी पाठवू नका, सर."

"दोघींशिवाय फेरी धरत नाहीत. नियम तुला माहीत आहे."

बाहेर आले तेव्हा मला हसू येत होतं आणि रडूही. आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले आणि माझ्याच खोट्यानं मला खोटं पाडलं.

६

पाचव्या फेरीला मी शिवप्रियाला सगळं सांगणार होते. बाभळींतून जाताना तीच म्हणाली, "तू माझ्या काविळीत एकटी यायचीस इथं. मला तर दोघी असूनही कसंतरी होतं गं. अव्वाला मी रोज सांगते, हर्षाली नसती तर माझं वर्ष गेलं असतं." अव्वा म्हणजे तिची आई, लक्ष्मम्मा. मी खाली बघून चालत राहिले. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी मी गप्प बसले. हे मी लिहून ठेवतेय.

पंधरा मीटर म्हणजे किती, तर अंगणातल्या तुळशीपासून रस्त्याच्या नळापर्यंत. ती तिथं होती. काटक्या मोडल्याचा आवाज यायला हवा होता, आला नाही. शिवप्रिया लिहिता लिहिता थांबली.

"हर्षाली, हिच्या लुगड्याचा रंग कोणता गं?"

मी बघितलं. चांगलं ऊन होतं. पदर दिसत होता, निऱ्या दिसत होत्या. रंग सांगता येईना. काळा नाही, पांढरा नाही, फिका नाही. डोळे तिथं पोचायचे आणि हात हलवत परत यायचे. वय सांगता येईना. पायांत चप्पल आहे की नाही, सांगता येईना. मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. मी फक्त लिहिलं होतं: बाई, एक, सरपण.

"अक्का," शिवप्रियानं हाक मारली. "ओ अक्का, कुठल्या तुम्ही?"

मी तिचा दंड धरला, इतक्या जोरात की नंतर तिनं बोटांचे वळ दाखवले. बाईच्या हाताची हालचाल थांबली. ती वळायला लागली, हळू, खांद्यापासून. तेवढ्यात घड्याळ वाजलं, दहा मिनिटं झाली, आणि समोर नुसतं माळरान होतं.

शिवप्रिया कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. "गेली कुठं?" ती म्हणाली. मग, थोड्या वेळानं: "एकच राहिलीय फेरी. करून टाकू आणि पुन्हा या बाजूला फिरकायचं नाही."

७

सहाव्या फेरीच्या आदल्या दिवशी मी तिला फोन करून थाप मारली. ताप आलाय, उद्या जायचं नाही, पुढच्या आठवड्यात बघू. ती बरं म्हणाली. मी गजर न लावता झोपले, महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोप लागली.

साडेसातला उठले तर तिचा निरोप होता, पहाटे पावणेसहाचा. 'तारीख चुकली तर सर फेरी धरणार नाहीत. तू पडून राहा. निरीक्षक म्हणून तुझंच नाव टाकते. माझ्या काविळीत तू माझं सांभाळलंस, एक दिवस मी तुझं सांभाळते.'

फोन लावला, लागला नाही. तलावावर रेंज नसते. स्कूटी कशी चालवली ते आठवत नाही. मनात एकच चाललं होतं: रेघ मारलीय, सही केलीय, दोनाचा एक केलाय.

भरावावर तिची गाडी उभी होती. बलभीमकाका दिसले नाहीत. बाभळींतून मी पळत गेले, काटे कुठं लागले कळलं नाही. मध्येच लक्षात आलं की मला फक्त माझाच श्वास ऐकू येतोय. एकही पाखरू बोलत नव्हतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्या तलावावर हजारभर पाखरं असतात, आणि निरंक.

आठ वाजून सदतीस मिनिटांनी मी पॉइंटवर पोचले. सपाट दगडावर पॅड होतं, त्यावर तक्ता, पेन बाजूला व्यवस्थित ठेवलेलं. निरीक्षक: हर्षाली, शिवप्रियाच्या गोल अक्षरात. नोंद घेणारी: तिथं अजून काही लिहिलं नव्हतं.

दहा मीटरवर दोन बाया वाकून सरपण गोळा करत होत्या. पाठमोऱ्या. दोघींच्या काखेत तेवढीच मोळी. दोघींच्या कपड्यांचा रंग मला सांगता येईना.

"शिवप्रिया," मी म्हणाले.

अलीकडची थबकली. ती खांद्यापासून वळायला लागली आणि तिच्या गळ्यातून काहीतरी पुढं आलं, लोंबत राहिलं. आमच्या कॉलेजचं ओळखपत्र. चेहऱ्याकडं मी बघितलं की नाही, हे मला पोलिसांनी विचारलं, सरांनी विचारलं, आईनं विचारलं. मी नाही म्हणून सांगते. मग घड्याळ वाजलं.

८

चार दिवस शोध चालला. तलावात गळ टाकले, बाभळी पिंजून काढल्या, कुत्रं आणलं. बलभीमकाकांनी पोलिसांना सांगितलं, "आली व्हती एकली. गेली तवा दोघी व्हत्या, मोळ्या घिऊन. म्या म्हनलं, आता ह्यांना जळन कशाला लागतंय." कुणी ते मनावर घेतलं नाही. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बाजेपासून. लिहून घेणाऱ्या हवालदारानं मध्येच पेन खाली ठेवलं आणि आईला म्हणाला, पोरीला जरा आराम द्या.

लक्ष्मम्मा उमरग्याहून आमच्या घरी आली. रडली नाही. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तू तिच्यासाठी किती केलंस बाई."

त्याच संध्याकाळी मी कोरा तक्ता घेतला. दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. पॉइंट पाच, वेळ साडेआठ ते आठ-चाळीस. निरीक्षक: हर्षाली. नोंद घेणारी: शिवप्रिया. व्यत्यय: नाही. जी चूक मी आळसानं केली होती, तीच आता हात जोडून केली.

सकाळी ती दगडावर बसली होती. मांडीवर पॅड, हातात पेन, माझ्याकडं पाठ. मी "टिटवी दोन" म्हणाले, तिनं लिहिलं. मी "चंडोल" म्हणाले, तिनं विचारलं, "किती?" तिचाच आवाज. मी रडत रडत पाखरं सांगत राहिले आणि ती लिहीत राहिली. तिच्या ड्रेसचा रंग मला सांगता आला नाही. आठ-चाळीसला घड्याळ वाजलं आणि दगड रिकामा.

तेव्हापासून मी रोज एक तक्ता भरते. एकदा शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'शिवप्रिया हसली.' ती हसली, घड्याळ वाजेपर्यंत, दहा मिनिटं, एकदाही न थांबता. त्यानंतर मी शेरा कोरा ठेवते. 'शिवप्रिया घरी गेली' असंही लिहून बघितलं. त्या दिवशी दगडावर कुणीच नव्हतं, आणि लक्ष्मम्माचा फोन आला की मागच्या दारी कुणीतरी ओल्या काटक्यांची मोळी ठेवून गेलंय. तिनं ती उचलून टाकली. मी पुन्हा तसं लिहिलं नाही.

आज सकाळी घड्याळ वाजल्यावर मी पॅड उचललं. माझ्या तक्त्याखाली दुसरा एक होता, भरलेला. अक्षर शिवप्रियाचं, गोल, नीट. तारीख उद्याची. नोंद घेणारी: शिवप्रिया. निरीक्षक: ही जागा कोरी. पक्षी: निरंक. व्यत्यय: बाया, ३.

अंतराच्या जागी तिनं शून्य लिहिलंय.

मी कोऱ्या जागी माझं नाव लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. रेघ मारून काय होतं ते मी बघितलंय. न जाण्याचाही विचार केला, दिवसभर तोच केला. पण मी नाही गेले तर ती दगडावर बसून कुणाला विचारणार, किती म्हणून? आणि त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले नव्हते, म्हणूनच तर हे झालं.

संध्याकाळी लक्ष्मम्माचा फोन आला. रोज येतो. काही कळलं का, एवढंच विचारते.

"उद्या सकाळी जाऊन बघते, अव्वा," मी म्हणाले.

"एकटी नको जाऊ बाई तिकडं."

"नाही," मी म्हणाले. "एकटी नाही."

गजर सहाचा लावलाय.